रेल्वे प्रतिकृती, ऐतिहासिक

रेल्वे प्रतिकृती, ऐतिहासिक : एखाद्या विशिष्ट काळातील प्रत्यक्ष आगगाडीचे एंजिन, डबे, रूळमार्ग व परिसर यांसह ठराविक मापप्रमाणात केलेले, सामान्यतः चालते, लहान रूप म्हणजे ऐतिहासिक रेल्वे प्रतिकृती होय. खेळण्यातील आगगाडी आणि अशी प्रतिकृती यांत मूलभूत फरक आहे. खेळण्यातील गाडी आगगाडीसारखी दिसली व चालली की पुरते. ऐतिहासिक प्रतिकृतीला मात्र अमुक गाडी अमुक वर्षी अमुक ठिकाणी अशी होती, असे विधान करावयाचे असते. हे विधान खरे वा खोटे ठरू शकते, म्हणून ते पुराव्यावर आधारावे लागते. नामांकित आलिशान गाड्यांच्या बाबतीत या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. अशा गाड्यांचे नाव टिकते, पण डबे बदलतात, मोडीत निघतात किंवा दुसऱ्या सेवेत विखुरले जातात. परिणामी मूळ गाडी सलग स्वरूपात पाहण्यासाठी पुष्कळदा प्रतिकृतीखेरीज दुसरे साधन उरत नाही. प्रस्तुत नोंदीत या विषयाची तत्त्वे मनमाड स्थानकावरून जाणारी पंजाब लिमिटेड (नंतरची पंजाब मेल) आणि मुंबई–पुणे मार्गावरील डेक्कन क्वीन या दोन गाड्यांच्या आधारे स्पष्ट केली आहेत.

इतिहास : आगगाडीच्या लहान प्रतिकृती रेल्वेच्या आरंभकाळापासूनच होऊ लागल्या. कारखानदार ग्राहकांना दाखविण्यासाठी व अभियंते शिक्षणासाठी त्या तयार करीत. जर्मनीतील मेर्कलिन या कंपनीने १८९१ मध्ये रूळ, गाड्या व त्यांना जोडता येणारे सुटे भाग यांची क्रमवार मापांची पद्धत बाजारात आणली. तेव्हापासून एकाच गाडीऐवजी वाढविता येणारा संच ही कल्पना रूढ झाली. ब्रिटनमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्याने १९२० मध्ये चावीवर चालणाऱ्या गाड्या काढल्या. १९३० नंतर टेबलावर मावतील असे १६·५ मिमी. रुंदीच्या रूळांचे विजेवर चालणारे संच पुढे आले. अमेरिकेतील ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ (स्थापना १९३५) व यूरोपातील ‘मोरोप’ (स्थापना १९५४) या संघटनांनी चाके, रूळ, विद्युत् पुरवठा इत्यादींची मानके ठरविली. त्यांमुळे निरनिराळ्या उत्पादकांची गाडी एकाच रूळावर चालू शकते.

नामांकित प्रवासी गाड्यांचे संच हे या व्यवसायाचे एक मोठे आकर्षण ठरले. यूरोपातील ओरिएंट एक्सप्रेस (१८८३ पासून), जर्मनीतील राइनगोल्ड (१९२८ पासून), इंग्लंडमधील ब्रायटन बेल यांसारख्या गाड्यांचे संच अनेक उत्पादकांनी वेळोवेळी काढले. या गाड्यांचे काही मूळ डबे जतन झाले असून आराखडेही उपलब्ध असल्याने प्रतिकृती ताडून पाहता येते.

भारतात रेल्वे प्रतिकृतीचे सर्वांत प्रसिद्ध जुने उदाहरण ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे आहे. जयविलास राजवाड्यातील भोजनगृहात मेजावर मांडलेल्या रूळांवरून चांदीची लहान गाडी फिरे व पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार नेई. ही गाडी राजवाड्यातील संग्रहालयात पाहावयास मिळते. तथापि ती कोणत्याही प्रत्यक्ष गाडीचे रूप नव्हे. ती चालती कलावस्तू आहे, ऐतिहासिक प्रतिकृती नाही. पुणे येथे कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्यात १ : ८७ मापप्रमाणाच्या अनेक गाड्या, सिग्नल व नगराचा देखावा यांचे नियंत्रित चलन दाखविले जाते. सर्वसामान्य मराठी प्रेक्षकाला या छंदाची ओळख मुख्यतः तेथे होते.

मापप्रमाण व रूळमाप : मूळ वस्तू व प्रतिकृती यांच्या लांबींचे गुणोत्तर म्हणजे मापप्रमाण आणि दोन रूळांच्या आतील कडांमधील अंतर म्हणजे रूळमाप. या दोन संज्ञांची गल्लत नेहमी होते. प्रचलित मापप्रमाणांपैकी प्रमुख असे : १ : ८७ (एचओ, रूळमाप १६·५ मिमी.), १ : ७६·२ (ओओ, रूळमाप तेच), १ : १६० (एन, ९ मिमी.) आणि १ : २२० (झेड, ६·५ मिमी.). याहून मोठ्या ओ वर्गाचे रूळमाप ३२ मिमी. असून मापप्रमाण देशपरत्वे १ : ४३·५ ते १ : ४८ असे बदलते.

ही सर्व रूळमापे १,४३५ मिमी. या यूरोप-अमेरिकेतील प्रमाण रूळमापाला अनुसरून ठरली आहेत. भारतातील मुख्य रूळमाप १,६७६ मिमी. म्हणजे रुंदमापी आहे. १ : ८७ प्रमाणात ते १९·३ मिमी., तर १ : ७६·२ प्रमाणात २२ मिमी. यावयास हवे, परंतु बाजारात मिळणारा रूळ १६·५ मिमी.चा असतो. या रूळावर भारतीय गाडी मांडली की, रुंद डबा चिंचोळ्या चाकांवर उभा राहिल्यासारखा दिसतो. १६·५ मिमी. हे रुंदमापीचे अचूक रूप मानावयाचे तर मापप्रमाण सु. १ : १०२ धरावे लागते व त्या प्रमाणात तयार एंजिने, चाके किंवा माणसांच्या आकृती मिळत नाहीत. त्यामुळे भारतीय गाडीच्या प्रतिकृतीकारापुढे दोनच मार्ग राहतात : तयार रूळ वापरून ही तूट मान्य करणे किंवा रूळ, आस व चाके स्वतः घडविणे.

मनमाडसारख्या स्थानकाच्या प्रतिकृतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. नासिक जिल्ह्यातील मनमाड हे मुंबईपासून सु. २६० किमी. अंतरावरील जंक्शन होय. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेचा मुंबई–भुसावळ मुख्य मार्ग येथून १८६० च्या दशकात गेला. १८७८ मध्ये दौंडकडून आलेला रुंदमापी मार्ग त्याला येथे मिळाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सिकंदराबादहून गोदावरी खोऱ्यातून आलेला, हैदराबाद संस्थानाचा मीटरमापी मार्ग येथे येऊन थांबला. १९९० च्या दशकात त्याचे रुंदमापीत रूपांतर होईपर्यंत जवळजवळ शतकभर मनमाडला दोन रूळमापे शेजारी नांदत होती. मुंबईकडून औरंगाबादकडे (आताचे छत्रपती संभाजीनगर) जाणाऱ्या प्रवाशाला येथे गाडी बदलावी लागे आणि मालाची चढउतार एका वाघिणीतून दुसरीत हमालांच्या हातून होई. या स्थानकाचे वैशिष्ट्यच रूळमापांच्या फरकात होते.

प्रत्यक्षात रुंदमापी मीटरमापीच्या १·६८ पट रुंद आहे. १ : ८७ प्रमाणात मीटरमापी ११·५ मिमी. येते व त्यासाठी मिळणारा १२ मिमी.चा रूळ जवळजवळ अचूक ठरतो. त्याच्या शेजारी रुंदमापी म्हणून १६·५ मिमी.चा रूळ टाकला, तर हे गुणोत्तर १·३८ पर्यंत घसरते. म्हणजे मोठी गाडी खुजी होते, लहान गाडी मात्र पूर्ण आकाराची राहते आणि मनमाडला गाडी का बदलावी लागत होती, हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांना जाणवत नाही. या कारणाने एकट्या गाडीच्या प्रतिकृतीत क्षम्य असलेली तूट मनमाडच्या देखाव्यात क्षम्य राहत नाही. रुंदमापी रूळ तेथे १९·३ मिमी.चाच घडवावा लागतो.

काळनिश्चिती : ऐतिहासिक प्रतिकृतीचा पहिला निर्णय गाडीच्या नावाचा नसून वर्षाचा असतो. डेक्कन क्वीन ही गाडी या दृष्टीने उद्‌बोधक आहे. जीआयपी रेल्वेने १ जून १९३० रोजी मुंबई–पुणे मार्गावर ती सुरू केली. प्रत्येकी सात डब्यांच्या दोन गाड्या तयार करण्यात आल्या : एक रुपेरी रंगाची व तांबड्या पट्ट्यांची, दुसरी गडद निळ्या रंगाची व सोनेरी रेषांची. डब्यांचे सांगाडे इंग्लंडमध्ये व वरचा भाग मुंबईतील माटुंगा कारखान्यात झाला. आरंभी तीत केवळ पहिला व दुसरा असे दोनच वर्ग होते. १९४९ मध्ये त्यांतील पहिला वर्ग बंद करून दुसऱ्यालाच पहिल्याचे नाव देण्यात आले. १९५५ मध्ये तिसरा वर्ग जोडला गेला व १९७४ मध्ये त्याचे दुसरा वर्ग असे नामांतर झाले. मूळ डबे १९६६ मध्ये जाऊन त्यांच्या जागी पेरांबूर येथील कारखान्यात बनलेले पोलादी डबे आले. २०२२ च्या जूनमध्ये त्यांचीही जागा नव्या एलएचबी पद्धतीच्या डब्यांनी घेतली.

यावरून डेक्कन क्वीन ही एक गाडी नसून एका नावाखाली चाललेल्या अनेक गाड्यांची मालिका आहे, हे दिसते. रुपेरी डब्यावर तिसऱ्या वर्गाचा आकडा, किंवा निळ्या गाडीत रुपेरी डबा मिसळून केलेला संच नेत्रसुखद असला, तरी तशी गाडी मुळात ठरलेली नव्हती. वर्ष निश्चित झाले की, गाडीची लांबीही निश्चित होते. १९६६ नंतरच्या पद्धतीचा डबा दोन्ही टोकांच्या बफरांसह २२·३ मी. लांब असतो, अशा बारा डब्यांची रांग १ : ८७ प्रमाणात ३ मी.हून थोडी अधिक भरते. २०२२ मधील सोळा डब्यांच्या गाडीला सु. ४·४ मी. जागा लागते. याउलट १९३० ची सात डब्यांची गाडी घरातील खोलीत सहज मावते. जुन्या आलिशान गाड्या प्रतिकृतीकारांना प्रिय असण्यामागे त्यांच्या वैभवाइतकेच त्यांचे आखूडपणही कारणीभूत आहे.

डब्यांवरील अक्षरे व चिन्हे हीही काळाची साक्ष असतात. मनमाडच्या रुंदमापी फलाटावर ५ नोव्हेंबर १९५१ पूर्वी जीआयपी रेल्वेची आणि त्यानंतर मध्य रेल्वेची आद्याक्षरे असली पाहिजेत. मीटरमापी फलाटावर याहून अधिक बदल घडले : १९३० पर्यंत निजामाच्या हमीवर चालणारी कंपनी, त्यानंतर निजाम संस्थानाची सरकारी रेल्वे, १९५१ पासून मध्य रेल्वे आणि २ ऑक्टोबर १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वे. एकाच स्थानकातील दोन फलाटांवर त्यामुळे काही वर्षे एकच व काही वर्षे दोन वेगळी नावे दिसत. देखाव्याचे वर्ष न ठरविता केलेली अक्षरयोजना हमखास चुकते.

पुराव्याची साधने : गाडीच्या पुनर्निर्मितीसाठी कारखान्यातील डब्यांचे आराखडे, रेल्वेची वेळापत्रके, कार्यालयीन नियमपुस्तिका, जाहिराती, छायाचित्रे व जतन केलेली प्रत्यक्ष वाहने ही मुख्य साधने होत. यांपैकी प्रत्यक्ष वाहनाची साक्ष सर्वांत भक्कम असते. डेक्कन क्वीनच्या काळातील १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालणाऱ्या प्रवासी विद्युत् एंजिनांपैकी (डब्ल्यूसीपी–१ वर्ग) ‘सर रॉजर लम्ली’ हे क्र. ४००६ चे एंजिन नवी दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आणि ‘सर लेस्ली विल्सन’ हे क्र. ४००१ चे एंजिन मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आहे. त्यामुळे एंजिनाची मापे आजही फीत लावून घेता येतात. डब्यांबाबत अशी सोय नसल्याने आराखडे व छायाचित्रे यांवर भिस्त ठेवावी लागते.

जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवरून रंग ओळखणे मात्र धोक्याचे असते. विसाव्या शतकाच्या आरंभीची छायाचित्रण द्रव्ये तांबड्या प्रकाशाला जवळजवळ असंवेदी व निळ्याला अतिसंवेदी होती. त्यामुळे तांबडा रंग छायाचित्रात काळपट उतरतो, तर निळा प्रत्यक्षापेक्षा फिकट दिसतो. अशा चित्रातील काळ्या डब्याला काळा व फिकट डब्याला पांढरा रंग देणे म्हणजे छायाचित्राची मर्यादा गाडीवर लादणे होय. रंगासाठी लिखित वर्णन, रंगीत भित्तिपत्रक किंवा जुन्या डब्यावरील रंगाचे थर खरवडून केलेली तपासणी हीच साधने विश्वसनीय ठरतात.

पंजाब लिमिटेडचे उदाहरण : मनमाडवरून जाणाऱ्या जुन्या नामांकित गाड्यांत पंजाब लिमिटेड अग्रगण्य होय. ती १९१२ मध्ये सुरू झाली. रेल्वेच्या प्रसिद्ध इतिहासानुसार ती ठराविक टपालदिनी मुंबईच्या बॅलार्ड पिअर बंदरावरून सुटे व इटारसी, आग्रा, दिल्ली, लाहोर या मार्गाने पेशावरपर्यंतचे २,४९६ किमी. अंतर सु. ४७ तासांत तोडी. इंग्लंडहून बोटीने येणारे सरकारी अधिकारी व टपाल यांसाठी मुख्यतः ती होती. गाडीला सहा डबे होते : तीन प्रवाशांसाठी व तीन टपालासाठी. प्रवासी डब्यांत एकूण ९६ जणांची सोय असे. आतून ये-जा करता येणारे हे डबे दोन शय्यांच्या पहिल्या वर्गाच्या कक्षांचे असून गाडीत स्नानगृहे, भोजनाचा डबा, सामानाची जागा व नोकरांसाठी कक्ष होता. १९१४ पासून ती व्हिक्टोरिया टर्मिनसहून सुटू लागली. १९३० च्या दशकाच्या मध्यास तीत तिसऱ्या वर्गाचे डबे दिसू लागले आणि १९४५ मध्ये वातानुकूलित डबा जोडला गेला. फाळणीनंतर तिची धाव भारतीय हद्दीतील फिरोजपूरपर्यंत राहिली. पंजाब मेल या नावाने ती आजही चालते व मनमाडला थांबते.

वरील वर्णन वाचताना सुसंगत वाटते. परंतु त्यावरून आराखडा काढावयास बसले की, एक अडचण उभी राहते. तीन डब्यांत ९६ प्रवासी म्हणजे दर डब्यात ३२ व दोन शय्यांच्या कक्षांत १६ कक्ष. डब्याची लांबी २० मी. धरली, तर दर कक्षाला सव्वा मीटर जागा येते आणि स्नानगृहे, शौचालये व दारे यांना काहीच उरत नाही. त्या तिघांतील एक भोजनाचा डबा मानला, तर उरलेल्या दोन डब्यांत २४–२४ कक्ष बसवावे लागतील व प्रत्येकाची रुंदी ८३ सेंमी. होईल. इतक्या अरुंद जागेला आलिशान म्हणता येणार नाही. तेव्हा काही कक्ष चार शय्यांचे होते, ९६ या संख्येत नोकर किंवा केवळ बसून जाणारे धरले होते, अथवा भोजनाची व्यवस्था टपालाच्या भागाला लागून होती, यांपैकी काहीतरी गृहीत धरल्याखेरीज हे वर्णन जुळत नाही. गृहीत कोणते धरावे, हे मूळ आराखड्यानेच ठरते. मात्र प्रश्न आहे, हे प्रतिकृतीमुळे कळते. लिखित वाक्याला जागा मोजावी लागत नाही, प्रतिकृतीला मोजावी लागते. इतिहासाच्या साधनांची अशी अंकगणिती परीक्षा हे या छंदाचे एक खरे शास्त्रीय मूल्य आहे.

रचना व साहित्य : एंजिनाचे व डब्याचे बाह्यांग पितळी पत्रा, साच्यात ओतलेले प्लॅस्टिक वा राळ, लाकूड किंवा जाड पुठ्ठा यांचे करतात. खिडक्यांच्या चौकटी, नक्षी, पायऱ्या यांसारखे बारीक भाग पितळी पत्र्यावर अम्लाने कोरून काढतात. अलीकडे संगणकावरील आराखड्यावरून लेसर किरणाने कापलेले किंवा त्रिमितीय मुद्रणाने तयार केलेले भागही वापरले जातात. ज्या गाड्यांचे कारखानदारी संच कधी निघालेच नाहीत, अशा भारतीय गाड्यांना या तंत्राचा विशेष उपयोग झाला आहे. बोगी, चाके व चलित्रे मात्र सामान्यतः तयार घेऊन त्यांभोवती डब्याची रचना बेतली जाते.

प्रतिकृतीत सर्व राशी एकाच पटीत घटत नाहीत. लांबी ८७ पटींनी कमी झाली की, घनफळ व म्हणून वजन सु. ६,५८,५०० पटींनी कमी होते. ४० टनांच्या डब्याची १ : ८७ प्रतिकृती या हिशेबाने केवळ ६१ ग्रॅ. भरेल. एवढा हलका डबा रूळांच्या सांध्यावर उसळून घसरतो. म्हणून अमेरिकन मानकानुसार २४–२५ सेंमी. लांबीच्या डब्याचे वजन शिशाच्या चकत्या घालून सु. १६५ ग्रॅ. पर्यंत वाढवितात. वळणांबाबतही असेच. रुंदमापी मार्गावरील १७५ मी. त्रिज्येचे तीव्र वळण १ : ८७ प्रमाणात २ मी. त्रिज्येचे होते, परंतु घरगुती संचांतील वळण ४४ सेंमी.च्या आसपास, म्हणजे प्रत्यक्षात केवळ ३८ मी. त्रिज्येचे असते. त्यावर लांब डबे वळविण्यासाठी डब्यांमधील अंतर वाढवावे लागते व दोन डब्यांना सांधणारे घडीचे पडदे तुटक दिसतात. यास्तव जाणते प्रतिकृतीकार तीव्र वळणे डोंगर किंवा इमारती यांच्या आड लपवितात आणि दर्शनी भागात मार्ग सरळ ठेवतात.

परिसर : संपूर्ण मार्गाची प्रतिकृती अशक्यप्राय असते. मुंबई ते मनमाड हे अंतर १ : ८७ प्रमाणातही जवळजवळ ३ किमी. होईल. म्हणून एक स्थानक निवडून त्याच्या दोन्ही बाजूंचे रूळ देखाव्याच्या पडद्यामागे नेतात. तेथे गाड्या उभ्या राहतात व वेळापत्रकानुसार बाहेर येतात. स्थानकातील अंतरेही काहीशी आखडून घ्यावी लागतात. मात्र इमारती, सिग्नल, पाण्याची टाकी यांचा आकार कमी करता येत नाही, कारण शेजारी उभ्या माणसाच्या आकृतीमुळे तो लगेच उघड होतो.

मनमाडची ओळख पटविणाऱ्या गोष्टी निश्चित आहेत : दोन रूळमापांचे फलाट व त्यांमधील मालाच्या चढउताराची जागा, पुलांच्या पोलादी तुळया बनविणारा रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना, क्षितिजावर अनकाई–टनकाई या जोडकिल्ल्यांची सपाट माथ्याची रांग आणि तिच्या जवळचा हडबीची शेंडी हा उभा सुळका. खडक काळा बेसाल्ट असून वर्षातील बहुतेक काळ गवत पिवळे असते. यूरोपीय उत्पादकांचे हिरवे कृत्रिम गवत व करडा चुनखडक येथे जसाच्या तसा वापरला की, स्थानकाची पाटी मराठीत असूनही गाव परके दिसते. पावसाळ्यातील देखावा करावयाचा असल्यास तसे ऋतूचे नावही वर्षाबरोबर जाहीर करणे इष्ट होय.

विद्युत् पुरवठा व चलन : बहुसंख्य संचांत दोन रूळ हेच विद्युत् मंडलाचे दोन ध्रुव असतात. त्यांतून १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह एंजिनातील चलित्रास मिळतो. दाब कमीजास्त केल्याने वेग व ध्रुव उलटविल्याने दिशा बदलते. या पद्धतीत एका विभागातील सर्व एंजिने एकदम चालू लागतात, म्हणून मार्गाचे विद्युतीय दृष्ट्या अलग विभाग पाडावे लागतात. १९९० नंतर प्रसार पावलेल्या अंकीय नियंत्रण पद्धतीत रूळांना कायम दाब असतो आणि प्रत्येक एंजिनातील संदेशग्राहक केवळ आपल्या क्रमांकाचा आदेश पाळतो. मनमाडसारख्या स्थानकात एंजिन सुटे करणे, बाजूला नेणे व दुसरे जोडणे या क्रिया या पद्धतीने सुलभ होतात.

वेगही मापप्रमाणात असावा लागतो. पंजाब लिमिटेडचा सरासरी वेग ताशी ५३ किमी. येतो, १ : ८७ प्रमाणात तो सेकंदाला १७ सेंमी. होय. ताशी ८० किमी. म्हणजे सेकंदाला सु. २६ सेंमी. खेळण्यातील गाड्या सामान्यतः याच्या कितीतरी पट वेगाने पळविल्या जातात व त्यामुळे उत्तम घडविलेली गाडीही खेळणे भासते.

मूल्यमापन : ऐतिहासिक प्रतिकृतीची योग्यता तिच्या चकाकीवर किंवा भागांच्या संख्येवर ठरत नाही. कोणती बाब आराखड्यावरून, कोणती छायाचित्रावरून व कोणती तर्काने घेतली, याची टिपणी प्रतिकृतीसोबत ठेवणे, हे तिचे आवश्यक अंग होय. अशी टिपणी नसेल, तर कल्पनेने दिलेला रंग काही वर्षांनी पुरावा मानला जातो, त्यावरून दुसरी प्रतिकृती बनते आणि चूक प्रमाण होऊन बसते. मूळ डबे अस्तित्वात असतात तेथे ही चूक दुरुस्त होऊ शकते. भारतातील बऱ्याच नामांकित गाड्यांबाबत ती सोय राहिलेली नाही. मनमाडचा मीटरमापी फलाट किंवा डेक्कन क्वीनचे १९३० चे रुपेरी डबे पुढील पिढीला कसे दिसतील, हे मोठ्या अंशी आज केलेल्या अशा प्रतिकृतींवर व त्यांच्यासोबतच्या नोंदींच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे. त्या काळच्या कामगारांच्या व प्रवाशांच्या आठवणी, घरोघरी पडून असलेली छायाचित्रे आणि कारखान्यांतील जुने आराखडे यांचे संकलन जितके लवकर होईल, तितके तर्काचे क्षेत्र आकुंचित होईल.